फिफ्थ व्हीलमध्ये कायमचं राहतोय, फ्रीज-फ्रीझरची जागा पुरत नाही, कशी वाढवायची?

चाकावरचं_घर | २६ जून

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी आणि हे गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून आरव्हीमध्येच, म्हणजे चाकांवरच्या घरातच, राहतोय, न्यू जर्सीचं घर विकलं आणि ३४ फुटी फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) नि ती ओढायला पिकअप ट्रक एवढाच आता संसार. कपडे कमी केले, पुस्तकं वाटून टाकली, भांडी निम्म्यावर आणली, ते सगळं जमलं. फक्त फ्रीजचं काही केल्या जमत नाहीये. ८ क्युबिक फुटांचा आहे, गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा, आणि त्यातला फ्रीझर म्हणजे तीन-चार बुटांची खोकी मावतील एवढा कप्पा.

मागच्या आठवड्यात आम्ही पेजला होतो, अ‍ॅरिझोनात, लेक पॉवेलच्या काठी. तिकडे जायच्या आधी चॅन्डलरच्या देसी दुकानातून महिनाभराचं भरून घेतलं होतं, खोवलेल्या नारळाची पाकिटं, फ्रोझन मेथी, सुरमईचे तुकडे, दोन डबे इडलीचं पीठ, कढीपत्ता, पनीर, दही. पेजमध्ये देसी दुकान आम्हाला तरी सापडलं नाही आणि फिनिक्स तिथून पावणेतीनशे मैल, म्हणून गच्च भरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी फ्रीज उघडला तर इडलीच्या पिठाने झाकण उचललेलं आणि पीठ खालच्या जाळीवरून ओघळून भाजीच्या कप्प्यात गेलेलं. फ्रीजमध्ये पीठ फुगलं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. थर्मामीटर ठेवला तर ५४ फॅरनहाइट. नारळाची पाकिटं हाताला मऊ लागत होती, सुरमईच्या पिशवीत पाणी साचलेलं. सगळं टाकलं. बाहेर १०३ होतं आणि फ्रीजची बाजू पश्चिमेला.

त्या रात्री मला खरंच रडू आलं, पैशांपेक्षा हे की आता तीन आठवडे काय खायचं. हे म्हणतात दुसरा फ्रीज घेऊ. पण कुठला, ठेवायचा कुठे, चालवायचा कशावर? कोणी केलं असेल तर नीट सविस्तर सांगा प्लीज.

टेक्सासकर | २६ जून

ताई वाईट वाटलं वाचून. आधी थोडी माहिती द्या म्हणजे नेमकं सांगता येईल. तुम्ही बहुतेक वेळ हुकअपवर (पार्कातल्या वीज-पाण्याच्या जोडणीवर) असता की बूनडॉकिंग करता, म्हणजे जोडणीशिवाय राहता? बॅटऱ्या किती नि कसल्या? सोलर आहे का? ३० अँपची गाडी की ५०? आणि बेसमेंटमध्ये म्हणजे पुढच्या खालच्या कप्प्यात जागा किती रिकामी आहे?

चाकावरचं_घर | २६ जून

उन्हाळ्यात निम्मे दिवस हुकअप, निम्मे नॅशनल फॉरेस्टमध्ये किंवा बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या) जमिनीवर. हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला, बीएलएमच्याच ला पोसा या जागी असतो, तिथे गाडीला वीज-पाण्याची जोडणी नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या सीझनचे १८० डॉलर भरले होते आम्ही. गाडी ५० अँपची. बॅटऱ्या दोन, साध्या लेड-अ‍ॅसिडच्या, १०० अँपिअर-तासाच्या. छतावर ४०० वॉटचं सोलर. बेसमेंटमध्ये जागा आहे, अजून आमच्या लेकाची स्की तिथे पडून आहेत.

वायरमन_काका | २७ जून

ताई, दुसरा फ्रीज घ्याल तेव्हा घ्या पण आधी पहिल्याकडे बघा. तो बिघडलेला नसणार बहुतेक, त्याला श्वास मिळत नाहीये.

हा गॅसवरचा फ्रीज घरच्या फ्रीजसारखा नसतो, यात कॉम्प्रेसर नाही की मोटर नाही. मागे एक बंद नळी असते, तिच्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली ज्योत किंवा हीटर त्या मिश्रणाला तापवतो, अमोनिया उकळून वर जातो, वरच्या जाळीत गार होऊन त्याचं द्रव होतं, मग आत उतरून हायड्रोजनच्या संगतीत त्याची वाफ होताना तो फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो, आणि परत पाण्यात विरघळून खाली येतो. १९२२ साली स्टॉकहोममधल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली, शंभर वर्षं झाली तरी तत्त्व तेच. उष्णता देऊन थंडी करायची, मला आजही याचं नवल वाटतं.

पण सगळं गुरुत्वाकर्षणावर आणि मागच्या हवेवर चालतं म्हणून दोन पथ्यं. एक, उभी असताना गाडी लेव्हल हवी, बाजूला तीनेक अंशांच्या वर कललेली चालत नाही, नाहीतर द्रव अडकून बॉयलर नुसताच तापत बसतो आणि तसं पुन्हा पुन्हा झालं की नळी कायमची जाते. मागे पिवळट पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला की समजायचं संपला, मग तो लगेच बंद करायचा आणि दारं-खिडक्या उघडायच्या. दुसरं, मागून गरम हवा वर निघून जायला हवी, बाहेरच्या खालच्या जाळीतून आत नि छतावरच्या झाकणातून बाहेर. नळ्यांच्या जाळीत आणि बाहेरच्या भिंतीत एक इंचापेक्षा जास्त पोकळी असेल तर हवा जाळीला न शिवता बाजूने निघून जाते, तिथे पत्र्याचा आडोसा लावतात. आणि वरच्या बाजूला १२ व्होल्टचे दोन पंखे, कॉम्प्युटरमध्ये असतात तसे, दोघांना मिळून पाचेक वॉट लागतात. हे करून बघा, उन्हाळ्यात ८-१० अंशांचा फरक मी स्वतः पाहिलाय. आणि फ्रीजची बाजू दुपारच्या उन्हात येईल अशी गाडी लावू नका.

अजून एक. गार व्हायला हा फ्रीज बारा ते चोवीस तास घेतो, आणि तुम्ही एकदम महिन्याचं सामान त्यात कोंबलंत, हवा फिरायला फट ठेवली नाही. त्याचाही हातभार लागला असणार.

सुगरण_ऑस्टिन | २७ जून

चाकावरचं_घर ताई, काकांनी यंत्राचं सांगितलं, मी सामानाचं सांगते, आम्ही आठ महिने २४ फुटीमध्ये काढलेत ६ क्युबिक फुटांवर.

फ्रीजमधून आधी ते बाहेर काढा जे तिथे असायची गरजच नाही. आपण सवयीने लोणची, चटण्या, केचप, चिंचेचा कोळ, गूळ, शेंगदाणे सगळं फ्रीजमध्ये ठेवतो. तेलात बुडालेलं लोणचं बाहेर टिकतं, आपल्या आज्या बरणीतच ठेवत होत्या. कढीपत्ता आणला की त्याच दिवशी धुवून कोरडा करून तेलाशिवाय मंद तव्यावर कुरकुरीत करून बाटलीत भरा, वास थोडा उतरतो पण फोडणीला चालतो. थोडा फ्रीझरमध्ये. मेथीची कसुरी मेथी. पालेभाजी मोठ्या प्रमाणात घ्यायचीच नाही, वाटेतल्या गावातल्या दुकानात केल नि पालक कुठेही मिळतो, त्यांची आपल्यासारखीच लसूण घालून परतून भाजी होते.

आणि फ्रीझरमध्ये डबे ठेवू नका!! डब्यात हवा गोठवायला आपण गॅस जाळतो. सगळं झिपच्या पिशवीत भरून लाटण्याने चपटं करायचं, ताटात आडवं ठेवून गोठवायचं, गोठलं की वह्यांसारखं उभं लावायचं. मसाल्याचं वाटण, कांदा-खोबऱ्याचं, शिजवलेला राजमा छोले, पुरण, खोवलेला नारळ, सगळं असं बसतं. माझ्या त्या एवढ्याशा कप्प्यात अशा २२ पिशव्या बसायच्या, डब्यांत असताना नऊ. पिशवीवर मार्करने नाव आणि तारीख लिहा, गोठल्यावर राजमा नि कांद्याचं वाटण सारखंच दिसतं.

कोकणी_मासा | २७ जून

सुगरण ताई नारळ चपटा करून ठेवायची आयडिया झकास. पण माशांचं काय? आम्ही दोघं बांगडा सुरमईशिवाय आठवडा काढू शकत नाही, आणि मासे त्या गॅसवरच्या फ्रीझरमध्ये उन्हाळ्यात कधी नीट दगडासारखे राहतच नाहीत, कडा मऊ पडतात.

वायरमन_काका | २७ जून

कारण तो फ्रीझर उन्हाळ्यात शून्य फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे १८ सेल्सिअसपर्यंत, पोचतच नाही. १० किंवा १५ फॅरनहाइटला घुटमळतो. बर्फ होतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मासे महिनाभर ठेवायचे तर कॉम्प्रेसरवाला फ्रीझरच हवा, त्याला पर्याय नाही.

अटलांटाचा_बंडू | २८ जून

माझं मत थोडं वेगळं आहे. एवढी कसरत कशाला, जुना काढून टाका आणि घरचा साधा फ्रीज बसवा. आम्ही गेल्या वर्षी १८ क्युबिक फुटांचा बसवला, आता दिवाळीच्या फराळापासून आंब्याच्या रसापर्यंत सगळं मावतं, दूध दोन गॅलनचं घेतो, बायको खूश मी खूश. गाडी चालताना दार उघडू नये म्हणून बाहेरून पट्टा लावतो. गॅसची नळी मात्र जाणकार माणसाकडून बंद करून घेतली आणि छतावरचं झाकण आतून इन्शुलेशन घालून सील केलं. जुना फ्रीज दारातून निघत नव्हता, खिडकी काढून काढला, नवा घेतानाही आधी गाडीचं दार मोजा, बऱ्याच गाड्यांचं २६ इंचच असतं.

वायरमन_काका | २८ जून

बंडू, तुम्ही कायम पार्कात वीज लावून असता म्हणून तुम्हाला परवडतं, ते तुमच्यासाठी बरोबरच आहे. ताई अर्धं वर्ष विजेशिवाय राहतात. हिशोब मांडतो.

१८ क्युबिक फुटांचा फ्रीज वर्षाला साधारण ४०० युनिट खातो, म्हणजे दिवसाला ११०० वॉट-तास. तो १२० व्होल्टवर चालतो म्हणून इन्व्हर्टर चोवीस तास चालू, आणि इन्व्हर्टर नुसता जागा राहायला २०-२५ वॉट घेतो, म्हणजे दिवसाला आणखी पाच-सहाशे. झाले १७०० च्या आसपास. ताईंच्या बॅटऱ्या २०० अँपिअर-तास, लेड-अ‍ॅसिडमधून निम्मंच काढायचं नाहीतर त्या वर्षा-दीड वर्षात मरतात, म्हणजे हाताशी १२०० वॉट-तास. डिसेंबरात क्वार्ट्झसाइटला सपाट ठेवलेलं ४०० वॉटचं सोलर हजार-बाराशे वॉट-तास देईल, तेही आभाळ नसेल तर. बाकी दिवे, पंप, रात्रीचा हीटरचा पंखा वेगळाच. पहाटे तीनला फ्रीज बंद पडणार.

गॅसवरच्या फ्रीजला आपण नावं ठेवतो पण २० पौंडांच्या एका सिलिंडरवर तो १२ दिवस चालतो हे विसरू नका. विजेशिवाय राहायचं असेल तर तो सोन्यासारखा आहे. काढून टाकू नका, त्याच्याकडून फक्त रोजच्या फ्रीजचं काम घ्या आणि गोठवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

माझं सगळ्यांनाच सांगणं आहे, दुकानात गेल्यावर आपण लिटर बघतो, क्युबिक फूट बघतो. आरव्हीत आधी वॉट-तास बघायचे. जागा कुठेही निघते, वीज निघत नाही.

टेक्सासकर | २८ जून

+१ काका. १२ व्होल्टचा पेटीसारखा फ्रीझर घ्या ताई, वरून उघडणारा, आत छोटा कॉम्प्रेसर असतो. थंड हवा जड असते, झाकण वर असल्यामुळे उघडलं तरी ती आतच बसून राहते, उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायावर येते तसं होत नाही. ५०-५५ लिटरचा चालू असताना ४५-६० वॉट घेतो आणि तोही सतत नाही. इन्व्हर्टर लागत नाही, थेट बॅटरीवर.

फक्त ते स्वस्तातले थर्मोइलेक्ट्रिक कूलर चुकूनही घेऊ नका, दिसायला असेच असतात. बाहेरच्या हवेपेक्षा ३५-४० फॅरनहाइट खाली आणतात, बस. बाहेर १०० असेल तर आत ६०. आणि वीज अखंड खातात.

डकोटा_आजी | २८ जून

मी ७१ वर्षांची आहे, मुलाकडे राहते, वर्षातून चार महिने आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आरव्हीत असतो. आम्ही नेहमी हुकअपवर असतो म्हणून आम्ही साधा साडेतीन क्युबिक फुटांचा घरचा चेस्ट फ्रीझर घेतला, जेवायच्या टेबलाचं एक बाक काढलं नि तिथे ठेवला, वर फळी नि गादी टाकली की बसताही येतं, मात्र बाजूला नि मागे हवेसाठी चार बोटं जागा सोडलीय. मुलाने मीटर लावून बघितलं, चोवीस तासांत पाऊण युनिटही लागत नाही. प्रवासात सहा तास वीज नसते तेव्हा झाकण उघडायचं नाही एवढंच, भरलेला असेल तर आतलं हलतही नाही. पूर्ण भरलेला फ्रीझर बंद राहिला तर ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४. म्हणून रिकामी जागा राहिली की मी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते, पाऊण भरायच्या, गोठल्यावर पाणी फुगतं. फ्रीझर आडवा करून आणला असेल तर उभा केल्यावर लगेच चालू करू नका, काही तास उभा राहू द्या, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला हवं.

आणि बाळ, जे टाकलंस ते बरोबर टाकलंस. ४० फॅरनहाइटच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध, मासे, शिजवलेलं अन्न ठेवायचं नाही. वास येत नाही म्हणून खाऊ नये. मनाला लागतं पण या वयात पोटाचं दुखणं घेऊन परगावी दवाखाना शोधत फिरण्यापेक्षा बरं.

चाकावरचं_घर | २९ जून

आजी तुमचं वाचून खूप धीर आला. सगळ्यांचेच आभार. काल यांनी बाहेरची जाळी उघडली तर मागे कोळ्याची जाळी नि बर्नरवर गंजाचे कपचे पडलेले, ज्योत निळी असायला हवी ती पिवळी झालेली. काल गॅस बंद करून ब्रशने सगळं साफ केलं, पंखे मागवलेत. पोकळी मोजली, पावणेतीन इंच निघाली!! काका तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही नवा फ्रीज घेऊन मोकळे झालो असतो.

रस्ता_माझा_सखा | २९ जून

ज्यांनी १२ व्होल्टचा पेटी-फ्रीझर बेसमेंटमध्ये ठेवलाय त्यांना अनुभव सांगतो, आमचं काय चुकलं ते तुमचं चुकू नये. आम्ही तो सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला होता. न्यू मेक्सिकोत कच्च्या रस्त्याने गेलो, धक्क्यांनी तो प्लग अर्धवट निसटला, वरून बघितलं तर लागलेला वाटतो. दोन दिवसांनी उघडला तर पाच पौंड बकऱ्याचं मटण गेलं. त्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका. बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढा, फ्यूज बॅटरीच्या जवळ, टोकाला घट्ट बसणारा अँडरसन कनेक्टर. वायर बारीक असेल तर दुसरी भानगड होते, १५ फूट लांबीत व्होल्टेज पडतं नि फ्रीझरला वाटतं बॅटरी संपली, तो स्वतःच बंद होतो. त्यात बॅटरी वाचवायची सेटिंग असते तीन पायऱ्यांची, ती कुठल्या पायरीवर आहे तेही बघा. आमची सगळ्यात वरच्यावर होती, ती गाडीची बॅटरी वाचवायला असते, वेगळी बॅटरी असेल तर खालची ठेवायची.

बेसमेंट बंद खोकं असतं. उन्हात उभी असेल तर आत ११०-११५ होतं, कॉम्प्रेसर आपलीच गरम हवा परत ओढत बसतो. आम्ही एका बाजूला जाळी कापली नि दुसऱ्या बाजूला छोटा पंखा, तेव्हा कुठे तो निम्मा वेळ चालू निम्मा वेळ बंद असा यायला लागला. त्याआधी थांबतच नव्हता.

नवीन_भाडेकरू | ३० जून

मी वाचतेय सगळं, आम्ही पुढच्या वर्षी निघणार आहोत. ट्रक चालू असताना ट्रकमधूनच चार्ज होत नाही का?

रस्ता_माझा_सखा | ३० जून

होतं पण नावापुरतं. ट्रेलरच्या सात पिनांच्या प्लगमधली चार्जिंगची वायर बारीक असते, फ्रीझर चालवण्यापुरतं कसंबसं येतं, बॅटरी भरत नाही. बॅटरी भरायची असेल तर वेगळी जाड वायर नि डीसी टू डीसी चार्जर लागतो.

अटलांटाचा_बंडू | ३० जून

काका तुमचा हिशोब पटला. आम्ही या हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटला जायचं म्हणत होतो, आता आधी मीटर लावून बघतो आमचा किती खातो ते.

चाकावरचं_घर | १९ जुलै

अपडेट द्यायला उशीर झाला, आम्ही कोलोरॅडोत होतो. क्रमाने सांगते.

आधी जुना फ्रीज. पत्र्याचा आडोसा लावला, वर दोन पंखे, आत एक बॅटरीवरचा छोटा पंखा आणि दोन बिनवायरचे थर्मामीटर, त्यांचा आकडा मला बेडरूममध्ये दिसतो. मोआबला १०१ फॅरनहाइट होतं तेव्हा आत ३९. पूर्वी याच हवेत पन्नाशीत जायचा. फक्त एस्टेस पार्कला ज्योत विझायला लागली, तिथे उंची साडेसात हजार फूट. मॅन्युअल काढून वाचलं तर त्यात ५,५०० फुटांच्या वर विजेवर चालवा असं लिहिलेलंच आहे. पार्कात वीज होती म्हणून निभावलं.

मग १२ व्होल्टचा ५५ लिटरचा फ्रीझर घेतला. स्की लेकाला कुरिअर केली. बेसमेंटमध्ये बाहेर सरकणारा ट्रे बसवला म्हणजे वाकून आत डोकं घालावं लागत नाही, माझे गुडघे तसे नाहीत आता. जाळी कापली, पंखा लावला, ८ गेजची वायर बॅटरीपासून ओढली. सखा दादांचा प्लगचा किस्सा वाचला नसता तर आम्हीही लायटरलाच लावणार होतो.

हुकअपवर असताना चार दिवस मोजलं. बाहेर नव्वदीत असताना चोवीस तासांत ६१० वॉट-तास, रात्री साठावर उतरणाऱ्या डोंगरात ३८०. त्यावरून हे आणि वायरमन काकांची विपूत (विचारपूसमध्ये) बरीच चर्चा झाली आणि लेड-अ‍ॅसिड काढून दोन लिथियमच्या १०० अँपिअर-तासाच्या घेतल्या, आता हाताशी २५०० वॉट-तास. जुना कन्व्हर्टर (पार्कातल्या विजेवर बॅटरी भरणारा) लिथियमला पूर्ण भरत नव्हता, तोही बदलावा लागला, हा खर्च आम्ही धरला नव्हता. फ्रीझर साडेतीनशे, बॅटऱ्या साडेसहाशे, कन्व्हर्टर नि वायर-पंखे मिळून अजून तीनशे. कोणी करणार असेल तर फ्रीझरच्या किमतीवर जाऊ नका, मागून येणारं धरा.

वायरमन_काका | १९ जुलै

छान काम केलंत. एक लक्षात ठेवा, लिथियम बॅटरी ३२ फॅरनहाइटच्या खाली चार्ज करायची नाही. तुमच्या बॅटऱ्या बेसमेंटमध्ये आहेत, डोंगरात ऑक्टोबरात रात्री तेवढं खाली जातं. चार्जिंग आपोआप तोडणारं संरक्षण आहे का बघा.

चाकावरचं_घर | १९ जुलै

आहे काका, घेताना तेच विचारून घेतलं.

कोकणी_मासा | २० जुलै

ताई ५५ लिटरमध्ये नेमकं किती मावतं? आकड्यावरून कळत नाही.

चाकावरचं_घर | २० जुलै

मासा दादा, आत्ता आतलं सांगते, परवाच भरलाय. तळाला सुरमई सहा पौंड, बांगडे आठ, दोन-दोन तुकड्यांच्या पिशव्या करून. त्यावर चिकन चार पौंड. एका बाजूला सुगरण ताईंच्या पद्धतीने उभ्या वह्या, नारळाची सहा, कांदा-खोबऱ्याचं वाटण पाच, राजमा छोले मिळून सहा, पुरण दोन. सगळ्यात वर पोळ्या चाळीस, मधे कागद घालून. कोपऱ्यात हिरवे वाटाणे नि कढीपत्ता. झाकण बसतं.

भरताना एक शिकले, सगळं एकदम नाही टाकायचं. आधी रिकामा चालवून उणे १८ सेल्सिअसला आणला, मग दुकानातून जे गोठलेलंच आणलं ते, आणि घरी केलेलं आधी वरच्या फ्रीजमध्ये गार करून दिवसाला तीन-चार पिशव्या असं चार दिवसांत. पहिल्या खेपेला गरमच पुरण टाकलं होतं तर आकडा उणे १८ वरून उणे ७ वर आला नि परत खाली जायला रात्र गेली.

डकोटा_आजी | २० जुलै

पुरण गार करूनच ठेवावं बाळ, आणि आत बर्फाचा थर पाव इंच झाला की बंद करून पुसून काढ. कधीही सुरीने खरवडू नको, आतला पत्रा फुटला की गॅस गेला.

सुगरण_ऑस्टिन | २१ जुलै

चाळीस पोळ्या!! ताई गरम कशा करता, मायक्रोवेव्हमध्ये वातड होतात ना?

चाकावरचं_घर | २१ जुलै

तव्यावर. फ्रीझरमधून काढून थेट तापलेल्या तव्यावर, बाजूने दोन थेंब पाणी आणि वर झाकण अर्धा मिनिट. अर्ध्या कच्च्या भाजून गोठवल्या तर अजून चांगल्या होतात, पूर्ण भाजलेल्या दुसऱ्यांदा कडक पडतात.

रस्ता_माझा_सखा | ४ ऑगस्ट

धागा वर काढतोय. ताई विजेशिवाय किती दिवस काढलेत आत्तापर्यंत?

चाकावरचं_घर | ५ ऑगस्ट

वायोमिंगमध्ये नऊ दिवस सलग. सहा दिवस लख्ख ऊन, बॅटरी दुपारी दोनपर्यंत भरायची. सातव्या दिवशी धूर आला, दूर कुठेतरी वणवे होते, दिवसभर सूर्य तांबडा नि सोलर निम्म्यावर. आठव्या दिवशी सकाळी बॅटरी ४१ टक्के. तेव्हा यांनी जनरेटर दोन तास चालवला. फ्रीझर उणे १८ वरून उणे १५ वर करून ठेवला तेवढाच आधार. आतलं एकही पाकीट हललं नाही.

चाकावरचं_घर | गणेश चतुर्थी

मंडळी, आज आम्ही साउथ डकोटात ब्लॅक हिल्समध्ये कस्टरजवळ आहोत. डेन्वर सोडल्यापासून देसी दुकान बघितलेलं नाही. सकाळी नारळाची तीन पाकिटं काढली, पिशवीवर माझ्याच हातची तारीख, १६ जुलै. पाण्यात न ठेवता ताटात पसरून तासभर ठेवली, दाबून बघितलं तर दूध सुटलं बोटाला, वास अगदी ताज्या खोवलेल्या नारळाचा. गूळ-वेलची घालून सारण केलं. एकवीस मोदक झाले, दोन उकडताना फुटले. आमचा गणपती पितळेचा वीतभर, तो जेवायच्या टेबलावर बसवलाय. शेजारच्या गाडीत मिनेसोटाचं जोडपं आहे, ते आरतीला आले नि दोघांनी तीन-तीन मोदक खाल्ले, वर तूप कशाला ते विचारून घेतलं.

पेजला ज्या दिवशी सगळं टाकलं त्या दिवशी मला वाटलं होतं की असं राहायचं तर हे सगळं सोडावं लागणार. काका, आजी, सुगरण, सखा दादा, टेक्सासकर, तुम्हा सगळ्यांच्या नावाने एकेक मोदक बाप्पापुढे ठेवलाय.

डकोटा_आजी | गणेश चतुर्थी

मोरया! अगं कस्टर म्हणजे आमच्याच राज्यात आलीस की. डोळे भरून आले वाचून. सुखी राहा दोघं.

सुगरण_ऑस्टिन | गणेश चतुर्थी

मोरया!! ताई तांदळाची पिठी कुठली वापरली, आणि ती कुठे ठेवता? माझ्या पिठीला दमट हवेत जाळी धरली गेल्या वर्षी.

चाकावरचं_घर | गणेश चतुर्थी

डेन्वरहून आणलेली. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून आरव्हीच्या ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन मी लावतच नाही, डाळी-पिठांचे डबे सगळे तिथेच असतात. चुकून कोणी पेटवू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी लावलीय.